अलॉटमेंटच्या पहिल्या वर्षी भाजी खुंटली तर काय तपासावे

इंग्लंडमध्ये अलॉटमेंटचा, म्हणजे भाजी पिकवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा, प्लॉट मिळाल्यावर पहिल्याच हंगामात अनेकांची निराशा होते. जून संपत आला तरी फरसबी वीतभर उंच झालेली नसते, कोबीची रोपे लावली तेव्हा होती तेवढीच राहिलेली असतात, गाजराच्या ओळीत चार-दोन पाने दिसतात आणि शेजारच्या प्लॉटवर मात्र वेल काठ्यांच्या टोकाला पोचलेले असतात. अशा वेळी बहुतेक जण खताची पिशवी आणतात आणि ती सगळ्या वाफ्यांवर सारखी पसरतात. ती पिशवी उघडण्यापूर्वी काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे येथे सांगितले आहे. पहिल्या वर्षी भाजी खुंटण्याचे मूळ कारण अन्नद्रव्यांची कमतरता हे क्वचितच असते. थंड जमीन, दबलेली माती, साचणारे पाणी, तणांची जिवंत मुळे, मातीचा न जुळणारा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) आणि कधीकधी बाहेरून आणलेले दूषित शेणखत ही कारणे त्यापेक्षा पुष्कळ अधिक आढळतात, आणि यांपैकी एकही खताने दूर होत नाही.

प्लॉट आपल्याकडे कोणत्या अवस्थेत येतो, हे आधी लक्षात घ्यावे. १९०८ च्या स्मॉल होल्डिंग्ज अँड अलॉटमेंट्स कायद्यानुसार मागणी असेल तेथे अलॉटमेंटसाठी जमीन उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. पूर्ण प्लॉट परंपरेने दहा रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटरचा असतो, आणि नव्या माणसाला आता बहुतेक ठिकाणी त्याचा अर्धाच भाग दिला जातो. प्रतीक्षा यादीत कितीही काळ थांबावे लागले, तरी हाती येणारा प्लॉट बहुधा आधीच्या भाडेकरूला झेपेनासा झाल्यामुळे सोडलेला असतो, म्हणजेच एक-दोन वर्षे गवताखाली गेलेला असतो. त्यामुळे पहिले काम फावड्याचे नसून चौकशीचे आहे. पूर्वी येथे काय लावले जात होते, शेड कोठे होती, पायवाट कोठून जात होती, कचरा कोठे जाळला जात होता, तण दाबण्यासाठी कोणी जुना गालिचा अंथरून तो तसाच पुरला होता का, हे शेजारच्या प्लॉटवरच्या जुन्या मंडळींना विचारावे. त्यांना हे ठाऊक असते आणि ती आनंदाने सांगतात.

पीक कोठे खुंटले आहे

प्लॉटच्या एका टोकाला उभे राहून वाढ कोठे चांगली आणि कोठे वाईट आहे, हे कागदावर काढावे. अक्षरशः चौकोन काढून त्यात खुणा कराव्यात, कारण डोळ्यांना एकच वाईट झाड दिसत राहते आणि बाकीचे निसटते. सगळ्याच प्लॉटवर सगळीच पिके खुंटली असतील, तर कारण हवामान, पेरणीची वेळ किंवा एकूण जमिनीचा निचरा यांपैकी असण्याची शक्यता मोठी असते. एखाद्या पट्ट्यातच सगळी पिके लहान राहिली असतील, तर तेथे जुनी पायवाट, शेडची जागा, राखेचा ढीग किंवा कुंपणापलीकडच्या झाडांची मुळे असावीत. विशेषतः लेलँडी या भराभर वाढणाऱ्या सूचिपर्णी झाडाचे उंच कुंपण सावली तर पाडतेच, पण आतले पाणीही शोषून घेते. सगळीकडे एकाच कुळातील भाज्या खुंटल्या असतील आणि बाकीच्या टवटवीत असतील, तर त्या कुळाचा रोग किंवा कीड शोधावी. शेणखत टाकलेल्या वाफ्यातच बिघाड असेल आणि न टाकलेल्या वाफ्यात नसेल, तर संशय खतावर घ्यावा.

त्यानंतर खुंटलेले एक झाड खोदून काढावे, आणि ही पायरी कोणीही गाळू नये. हाताने ओढून काढू नये, कारण तसे केल्यास मुळे जमिनीतच राहतात. झाडाभोवती वीतभर अंतरावर फोर्क (खणायचा काटा) खोल घालून मातीच्या गोळ्यासकट झाड उचलावे, बादलीतील पाण्यात हलकेच धुवावे आणि मुळे पाहावीत. मुळे पांढरी, तंतुमय आणि खोल गेलेली असतील, तर मातीत मोठा दोष नाही आणि कारण बहुधा वरचे, म्हणजे थंडी, सावली, पाणी किंवा पानांवरील कीड यांपैकी आहे. मुळे ठरावीक खोलीवर एकदम आडवी वळली असतील, तर खाली कठीण थर आहे. ती तपकिरी, मऊ आणि कुबट वासाची असतील, तर पाणी साचते आहे. मुळांवर बोटाएवढ्या जाड, वेड्यावाकड्या गाठी असतील, तर तो क्लबरूट आहे, ज्याविषयी पुढे लिहिले आहे. आणि रोप कुंडीतून काढून लावलेले असेल व मुळे अजून त्याच कुंडीच्या आकारात गोल गुंडाळलेली दिसत असतील, तर त्यांनी आजूबाजूच्या मातीत प्रवेशच केलेला नाही. थंड जमिनीत घाईने लावलेल्या रोपांचे असेच होते.

ऊब आणि दिवसाची लांबी

महाराष्ट्रात भाजी केलेल्या माणसाला इंग्लंडमध्ये सर्वाधिक चकवणारी गोष्ट म्हणजे जमिनीचे तापमान. एप्रिलमध्ये ऊन पडते, चेरी फुलते, दुकानांतून रोपांचे ट्रे मांडलेले दिसतात, पण जमीन अजून गार असते. गाजर, बीट, कांदा यांचे बी साधारण ७ अंश सेल्सिअसच्या वर उगवते. फरसबीला आणि रनर बीनला किमान १२ अंश लागतात, कोर्जेट, भोपळा आणि काकडी यांना त्याहूनही अधिक, आणि भेंडीला तर याहून कितीतरी उबदार माती हवी असते. गार, ओल्या मातीत पडलेले फरसबीचे बी उगवण्याऐवजी कुजते, आणि उगवलेच तर ते रोप पुढे आठवडे तसेच बसून राहते. म्हणून मातीत खोचायचा साधा थर्मामीटर घ्यावा, सकाळी बोटभर खोलीवर तापमान पाहावे आणि सलग आठवडाभर ते हव्या अंकाच्या वर राहिले तरच पेरावे. मेच्या अखेरीस पेरलेली फरसबी एप्रिलमधल्या फरसबीला गाठून पुढे जाते, हे एकदा पाहिले की घाईचा मोह आपोआप सुटतो.

शेवटचे दहिवर, म्हणजे गोठलेले दव (फ्रॉस्ट), ही दुसरी मर्यादा. इंग्लंडच्या दक्षिण भागात मेच्या मध्यापर्यंत आणि उत्तरेकडे व स्कॉटलंडमध्ये जूनच्या सुरुवातीपर्यंत रात्रीचे दहिवर पडू शकते. टोमॅटो, मिरची, काकडी, भोपळा यांपैकी कोणतीही वनस्पती ते सोसत नाही. खिडकीत वाढवलेली रोपे एकदम बाहेर लावली, तर दहिवर नसतानाही वाऱ्याने आणि उन्हाने त्यांची पाने पांढरट पडतात आणि वाढ थांबते. आठ-दहा दिवस ती दिवसा बाहेर आणि रात्री आत ठेवून सवय लावावी, आणि लावल्यानंतरही पहिले काही दिवस वरून फ्लीस (पिके झाकायचे पातळ कापड) टाकावी.

तिसरी गोष्ट दिवसाच्या लांबीची आहे. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, तर लंडनमध्ये २१ जूनच्या सुमारास तो साडेसोळा तासांहून मोठा असतो. कोथिंबीर आणि इंग्लिश स्पिनच यांना लांब दिवस म्हणजे फुलण्याचा इशाराच वाटतो. मे-जूनमध्ये पेरलेली कोथिंबीर वीतभर होताच फुलोऱ्यावर येते, पाने बारीक होतात, आणि आपण समजतो की जमीन निकस आहे. जमिनीचा यात दोष नाही. मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये पेरावी, बी जागच्या जागी टाकावे, रोपे उपटून पुन्हा लावू नयेत, माती कोरडी पडू देऊ नये, आणि कॅलिप्सोसारखे उशिरा फुलणारे वाण निवडावे. स्पिनचऐवजी पर्पेच्युअल स्पिनच लावावा. तो खरे तर बीटच्या कुळातील आहे आणि आपल्या पालकाचा जवळचा नातलग आहे, त्यामुळे चवही ओळखीची लागते आणि एकदा पेरला की महिनोन्‌महिने पाने देतो.

भेंडी, गवार आणि दुधी उघड्या प्लॉटवर पहिल्या वर्षी लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लेस्टर, बर्मिंगहॅम आणि लंडनच्या आसपास अनेक भारतीय आणि बांगलादेशी कुटुंबे उत्तम दुधी काढतात, पण ते बहुधा पॉलिटनलमध्ये (प्लास्टिकने झाकलेल्या बोगद्यात) किंवा ग्रीनहाउसमध्ये काढतात. शिवाय दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, त्यामुळे फळ धरण्यासाठी त्या वेळी नर फूल मादी फुलावर हाताने टेकवावे लागते. उघड्यावर आपल्या चवीचे काही हवे असेल, तर मेथी, मोहरीची पाने, मुळा, नवलकोल आणि जून-जुलैमध्ये लाल माठ हे निश्चित येतात.

मेथीचा आणखी एक उपयोग आहे, जो मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. मेच्या सुरुवातीला स्वयंपाकघरातील मूठभर मेथीदाणे प्लॉटच्या पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी, सारख्या आकाराच्या चौकोनांत, एकाच दिवशी पेरावेत आणि त्यांना सारखेच पाणी द्यावे. तीन-चार आठवड्यांत प्रत्येक जागेची माती कशी आहे, हे त्या चौकोनांमधील उंचीच्या फरकावरून दिसते, आणि वर खाण्यासाठी भाजीही मिळते. एका चौकोनातील मेथी पिवळी आणि खुजी असेल, तर तेथेच खोदून पाहावे.

माती

वायव्य लंडनचा मोठा भाग, हॅरोसकट, लंडन क्ले नावाच्या जड चिकणमातीवर आहे. मिडलँड्समध्येही चिकणमाती खूप आढळते. चिल्टर्न टेकड्यांवर खाली खडूचा दगड आहे, त्यामुळे माती उथळ आणि चुन्याची असते, तर सरेमध्ये बॅगशॉटच्या बाजूला ती वालुकामय आणि आम्ल असते. आपली माती कोणती, हे ठरवण्यासाठी मूठभर ओलसर माती घेऊन भाकरीच्या पिठासारखी मळावी आणि अंगठ्याने दाबत तिची पट्टी काढावी. पट्टी लांब निघाली आणि चकाकली, तर ती चिकणमाती. पट्टी होताच मोडली, तर पोयट्याची. मळताच येत नसेल आणि बोटांना खरखर लागत असेल, तर वालुकामय.

चिकणमाती वाईट नसते, कारण ती अन्नद्रव्ये आणि पाणी धरून ठेवते. तिचे नुकसान होते ते चुकीच्या वेळी तिच्यात काम केल्याने. काळ्या रानात वाफसा आल्याशिवाय औत घालत नाहीत, तोच नियम येथेही लागू आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पावसाने भिजलेली माती खणली आणि तिच्यावरून चाललो, तर तिच्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात आणि ती उन्हाळ्यात विटेसारखी टणक होते. बुटाच्या तळव्याला माती चिकटत असेल, तर त्या दिवशी वाफ्यात पाय ठेवू नये. ठेवणे अगदी भाग असेल, तर लाकडी फळी टाकून तिच्यावर उभे राहावे.

निचरा तपासण्यासाठी फूटभर लांब, फूटभर रुंद आणि फूटभर खोल खड्डा खणावा, पाण्याने भरावा, ते जिरू द्यावे आणि पुन्हा भरावे. दुसऱ्यांदा भरलेले पाणी काही तासांत जिरले, तर ठीक आहे. दुसऱ्या दिवशीही ते तसेच असेल, तर पिकांची मुळे गुदमरत आहेत. खड्डा खणतानाच बाजूच्या भिंतीकडे नीट पाहावे. काळसर तपकिरी माती किती खोल आहे, तिच्याखाली निळसर-करड्या रंगाचा थर आहे का, गांडुळे किती दिसतात, हे सगळे तेथे उघड दिसते. निळसर करडा रंग आणि सडका वास म्हणजे तेथे वर्षातील बराच काळ पाणी असते आणि हवा नसते. अशा ठिकाणी पहिल्या वर्षी खोल खणत बसण्यापेक्षा गादीवाफे करावेत. दोन वाफ्यांमधल्या वाटेची माती उचलून वाफ्यावर टाकावी आणि वर चार बोटे जाडीचा कुजलेल्या कंपोस्टचा थर द्यावा. कठीण थर फक्त जुन्या पायवाटेखाली असेल, तर माती उलटी न करता फोर्क खोल खुपसून मागे-पुढे हलवावा आणि तो थर फोडावा.

सामू, म्हणजे पीएच, तपासण्याची स्वस्त पेटी कोणत्याही गार्डन सेंटरमध्ये मिळते. प्लॉटच्या तीन-चार ठिकाणची माती वेगवेगळी तपासावी, सगळी एकत्र मिसळून नव्हे. बहुतेक भाज्यांना साडेसहाच्या आसपासचा सामू मानवतो. तो साडेपाचच्या खाली असेल, तर मातीत असलेले स्फुरदही झाडांना मिळत नाही आणि कोबीवर्गीय पिके तर हमखास खुंटतात. अशा जमिनीत शरद ऋतूत पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात बागेचा चुना टाकावा. चुना आणि शेणखत एकाच वेळी मात्र टाकू नये, कारण त्या दोघांच्या संयोगाने खतातील नत्र अमोनियाच्या रूपात उडून जाते. खडूच्या जमिनीत उलट अडचण येते. तेथे नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो, कारण लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. तेथे चुना कधीही टाकू नये आणि वर्षानुवर्षे सेंद्रिय पदार्थ घालत राहावेत.

गवत मोडून केलेले वाफे

गवताळ प्लॉट खणून त्याच वसंतात भाजी लावली, तर तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिली म्हणजे उलटे पुरलेले गवत कुजताना मातीतील जिवाणू उपलब्ध नत्र वापरतात, त्यामुळे काही आठवडे पिकाला ते कमी पडते आणि झाडाची खालची, जुनी पाने फिकट पिवळी होतात. ताजा लाकडी भुसा किंवा वुडचिप मातीत मिसळले तर हाच परिणाम अधिक तीव्र होतो. वुडचिप वाटांवर किंवा मातीच्या पृष्ठभागावर टाकावे, मातीत पुरू नये. येथे मात्र नत्रयुक्त खताचा खरोखर उपयोग होतो. नत्र, स्फुरद व पालाश यांचे ७-७-७ प्रमाण असलेले ग्रोमोर हे सर्वसाधारण खत किंवा कोंबडीखताच्या गोळ्या ओळींच्या कडेने, पाकिटावरील प्रमाणाने द्याव्यात आणि पाणी घालावे.

दुसरी गोष्ट म्हणजे मुळांनी पसरणारी तणे. काउच ग्रास आपल्याकडच्या हराळीप्रमाणे जमिनीखालील पांढऱ्या, टोकदार खोडांनी पसरते, आणि बाइंडवीडची ठिसूळ पांढरी मुळे तुकड्यातुकड्यातून पुन्हा फुटतात. यांत्रिक टिलर चालवला तर एका मुळाचे शंभर तुकडे होतात, म्हणून तो वापरू नये. फोर्कने माती सैल करून लांब मुळे अखंड ओढून काढावीत. हॉर्सटेल या तणाची मुळे इतकी खोल जातात की ती खणून संपत नाहीत. ते दिसताच कापत राहणे एवढेच हाती उरते.

तिसरी गोष्ट किडींची आहे. गवतात राहणाऱ्या क्लिक बीटलच्या अळ्या, म्हणजे वायरवर्म, पिवळसर-तपकिरी, बारीक आणि कडक असतात आणि मातीत चार-पाच वर्षे राहू शकतात. त्या बटाट्यात अरुंद बोगदे पाडतात आणि कोवळ्या रोपांची मुळे खातात. क्रेन फ्लायच्या करड्या, बिनपायांच्या अळ्या रोप जमिनीलगत कुरतडतात. सकाळी लेट्यूसचे रोप आडवे पडलेले दिसले, तर त्याच्याभोवतीची माती दोन बोटे खोल उकरून पाहावी, अळी तेथेच सापडते. नियमित लागवडीने या दोन्ही किडी काही वर्षांत कमी होतात. तोवर बटाटे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत काढून घ्यावेत, जमिनीत ठेवू नयेत.

शेणखतातून येणारे तणनाशक

हा भाग प्रत्येक नव्या माणसाने वाचावा असे मला कळकळीने वाटते, कारण येथे मेहनत आणि सद्भाव दोन्ही वाया जातात. कुरणातील रुंद पानांची तणे मारण्यासाठी अमिनोपायरॅलिड असलेली तणनाशके वापरली जातात. गवताला त्यांचा त्रास होत नाही. तेच गवत घोडा किंवा गाय खाते आणि ते रसायन तिच्या पोटातून न मोडता शेणात येते. २००८ मध्ये ब्रिटनभर अलॉटमेंटवरील पिके यामुळे बिघडली, तेव्हा अशा उत्पादनांची विक्री काही काळ थांबवण्यात आली होती. नंतर ती नव्या अटींसह परत आली आणि अशी खते अजूनही अधूनमधून आढळतात.

लक्षणे ओळखू येण्याजोगी आहेत. टोमॅटो, बटाटा, फरसबी, वाटाणा यांची नवी पाने वाटीसारखी आत वळतात किंवा नेच्याच्या पानासारखी अरुंद आणि गुंडाळलेली निघतात, शेंडा पिळवटतो आणि वाढ थांबते. त्याच वाफ्यातील मका किंवा कोबी मात्र बहुधा ठीक दिसतो. मावा किंवा विषाणूमुळेही पाने वळतात, म्हणून पानाची मागची बाजू तपासावी, पण शेणखत टाकलेल्या वाफ्यातच आणि एकाहून अधिक कुळांच्या पिकांत हे दिसले, तर संशयाला फार जागा उरत नाही.

खत घेण्यापूर्वीची चाचणी सोपी आहे. काही कुंड्यांत साधे कंपोस्ट आणि तितक्याच कुंड्यांत त्या शेणखताचे व कंपोस्टचे मिश्रण भरावे, प्रत्येकीत ब्रॉड बीन या शेंगभाजीचे तीन-तीन बी लावावेत आणि एका कुंडीचे पाणी दुसरीत जाऊ नये म्हणून खाली वेगवेगळ्या बशा ठेवाव्यात. चार आठवड्यांनी खताच्या कुंड्यांतील पाने वळलेली दिसली, तर ते खत प्लॉटवर येऊ देऊ नये. आधीच टाकलेले असेल, तर त्या वाफ्यातील बिघडलेली झाडे कंपोस्टच्या ढिगात टाकू नयेत, माती वारंवार हलवून जिवाणूंना ते मोडू द्यावे, आणि तेथे तोवर मका किंवा कोबीवर्गीय पिके घ्यावीत. पुढल्या वसंतात ब्रॉड बीन पेरून पुन्हा परीक्षा करावी.

क्लबरूट

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, मुळा, सलगम आणि मोहरी ही सगळी एकाच कुळातील आहेत. ती दुपारी उन्हात माना टाकतात, रात्री सावरतात, हळूहळू पानांवर जांभळट-लालसर झाक येते आणि खोदून पाहिल्यावर मुळांवर गाठी सापडतात. या रोगाचे बीजाणू मातीत वीस वर्षांपर्यंत टिकू शकतात, त्यामुळे आधीच्या भाडेकरूने ठेवून गेलेला रोग आपल्या वाट्याला येतो. गाठी आलेली मुळे कंपोस्टमध्ये टाकू नयेत. चुना घालून सामू सातच्या वर न्यावा, निचरा सुधारावा, रोपे बाहेरून आणलेल्या निर्जंतुक कंपोस्टमध्ये मोठ्या कुंडीत वाढवून मगच लावावीत, आणि किलाटन कोबी किंवा क्लॅप्टन फ्लॉवर यांसारखी प्रतिकारक वाणे निवडावीत. आपल्याकडे मोहरी सहज पेरली जाते आणि हिरवळीच्या खतासाठीही तिचे बी विकले जाते. ज्या प्लॉटवर क्लबरूट आहे तेथे ती पेरू नये, कारण तिच्यावर हा रोग पोसला जातो. त्याऐवजी फॅसेलिया किंवा राय (गव्हासारखे धान्य, राई म्हणजे मोहरी नव्हे) पेरावी.

पाणी, स्लग आणि कबुतरे

रोज संध्याकाळी झारीने वरचेवर शिंपडलेले पाणी मुळांपर्यंत पोचत नाही. पाणी घातल्यावर बोट मातीत खुपसून पाहावे. वरचा बोटभर थर ओला आणि खाली कोरडे असेल, तर पाणी वाया गेले. २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर २५ लिटर पाणी. कोरड्या आठवड्यात साधारण तेवढे पाणी एकदाच किंवा दोनदा विभागून, झाडाच्या बुडाशी द्यावे आणि वर गवताचे किंवा कंपोस्टचे आच्छादन घालावे. अनेक अलॉटमेंटवर नळी लावण्यास मनाई असते आणि टाकीतून झारीने पाणी आणावे लागते, म्हणून जेवढ्या वाफ्यांना असे पाणी देता येईल तेवढेच वाफे लावावेत.

बी उगवलेच नाही असे वाटते, तेव्हा अनेकदा ते उगवलेले असते आणि एका रात्रीत खाल्ले गेलेले असते. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन एकदा पाहणी करावी. स्लग दिसले, तर हाताने वेचावेत, फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या विरळ टाकाव्यात किंवा माती ५ अंशांच्या वर उबदार आणि ओलसर असताना सूत्रकृमींचे द्रावण ओतावे. मेटाल्डिहाइडच्या जुन्या निळ्या गोळ्या शेडमध्ये सापडल्या तरी वापरू नयेत. ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ च्या वसंतापासून बाहेर त्यांच्या वापरावर बंदी आहे. कोबीची पाने फक्त शिरांपुरती उरली असतील, तर ते कबुतरांचे काम आहे, आणि त्यावर घट्ट ताणलेल्या जाळीशिवाय दुसरा उपाय नाही.

पानांवरून अन्नद्रव्ये ओळखणे

वरील सगळे तपासून झाल्यावरच पानांचा रंग वाचावा. खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडली, तर नत्र कमी आहे. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, विशेषतः टोमॅटोवर, तर मॅग्नेशियम कमी आहे, आणि भरपूर पोटॅश दिल्यानेही असे होते. त्यावर एप्सम सॉल्टचे द्रावण पानांवर फवारावे. मेमध्ये मक्याची किंवा टोमॅटोची पाने जांभळट झाली, तर स्फुरद घालण्याची घाई करू नये. गार मातीतून मुळांना ते घेता येत नाही आणि ऊब येताच रंग बहुधा आपोआप सुधारतो. टोमॅटोचे बूड काळे पडणे हे अनियमित पाण्याचे लक्षण आहे, रोग नव्हे. मात्र जुलै-ऑगस्टमधील उबदार, दमट दिवसांत टोमॅटो-बटाट्याच्या पानांवर तपकिरी डाग पडून काही दिवसांत सगळे झाड काळे झाले, तर तो करपा आहे. बटाट्याचा पाला त्याच दिवशी कापून प्लॉटवरून हलवावा आणि कंद दोन आठवडे जमिनीतच राहू देऊन मग काढावेत.

उरलेल्या हंगामात

जुलैमध्ये हे सगळे कळले, तरी वर्ष गेलेले नसते. प्लॉटचा एक तृतीयांश भाग निवडावा, तोही मेथीच्या चाचणीत उत्तम ठरलेला, आणि सगळे कंपोस्ट, पाणी व खुरपणी तेथेच द्यावी. उरलेल्या भागावर गवत कापून जाड पुठ्ठा एकमेकांवर चढवून अंथरावा, त्याच्या चिकटपट्ट्या आधी काढून टाकाव्यात आणि वर कंपोस्ट किंवा काळे कापड घालावे. अनेक कौन्सिलांच्या करारात पहिल्या वर्षी ठरावीक भाग लागवडीखाली आणण्याची अट असते, म्हणून झाकलेला भाग त्यात धरतात का, हे साइटच्या सचिवांना लेखी विचारून ठेवावे.

लागवडीच्या भागात जुलैमध्ये बीट, पर्पेच्युअल स्पिनच, मेथी आणि लाल माठ पेरावेत, ऑगस्टमध्ये कोथिंबीर आणि मुळा. सप्टेंबरमध्ये रिकाम्या होणाऱ्या वाफ्यांत राय पेरावी, म्हणजे हिवाळ्यातील पावसाने माती धुपत नाही आणि तिची रचना सुधारते. ऑक्टोबरच्या अखेरीस उंच गादीवाफ्यावर लसूण लावावा, त्यासाठी दुकानातील खाण्याचा नव्हे तर बियाण्याचा घ्यावा, आणि नोव्हेंबरमध्ये अक्वाडुल्से क्लॉडिया या वाणाचे ब्रॉड बीन पेरावेत. सामू कमी निघाला असेल तर चुना याच काळात, शेणखत न घालता, पसरावा. कागदावर काढलेला प्लॉटचा चौकोन जपून ठेवावा आणि कोणत्या जागी काय तपासले, काय सापडले आणि काय घातले, हे त्यावर तारखेसह लिहावे, म्हणजे मार्चमध्ये पहिले बी कोणत्या वाफ्यात टाकायचे ते त्यावरून ठरवता येते.